दरवळबाईंचा संध्याकाळचा वास

आमच्या जिन्यावर एक कुजबूज बरीच वर्षं मुक्कामाला होती. ती आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही अर्ध्यातून उठून दुसऱ्या कोणाकडे विचारायला जाल आणि तो मीठमसाला लावून सांगेल. लावायचाच तर तो मीच लावलेला बरा. कुजबूज अशी, की दुसऱ्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांची खरी बायको केव्हाच मेलेली आहे, आणि तिच्या घरात, तिचे कपडे घालून, तिचाच सेंट लावून, दुसरीच एक बाई राहते आहे.

मेलेली कुठे ठेवली आहे यावर एकमत नव्हतं. इस्त्रीवाला म्हणे पलंगाखाली. त्याची बायको म्हणे माळ्यावर, कारण पलंगाखाली रोज केर काढावा लागतो. तिसऱ्या मजल्यावरची शिकवणीवाली एरवी छापून आलेलं नसेल त्यावर विश्वास ठेवत नाही, पण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तीही नाकाला रुमाल लावून पायऱ्या गाळत वर जायची.

माझं सलून त्याच इमारतीत, जिन्याच्या तोंडाशी. वर जाणारा आणि खाली येणारा, दोघेही माझ्या आरशात दिसतात. शिवाय मान मागे टाकलेली, गळ्यावर वस्तरा फिरतो आहे, अशा अवस्थेत माणूस फारसं खोटं बोलत नाही. तेव्हा या प्रकरणातलं काही माझ्या कानावरून गेलं नाही असं थोडंच असेल.

घड्याळवाल्यांच्या या बायकोला आम्ही मागे दरवळबाई म्हणायचो. तोंडावर बाई. चौकातल्या मोठ्या दुकानात, आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला सेंटचं काउंटर, त्यामागे त्या उभ्या. बसायची तिथे सोय नव्हती. काचेखाली बाटल्या, काचेवर कागदी पट्ट्यांचं भांडं, आणि बाईंचे दोन हात, नखं कापलेली, एकही अंगठी नाही. अंगठीत वास अडकून बसतो म्हणायच्या.

विकण्याची त्यांची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की आधी पट्टीवर एक फवारा. पट्टी आवडली की मनगटावर. मनगट आवडलं आणि गिऱ्हाइकाने पाकिटाला हात घातला, की बाई त्याला हाकलून द्यायच्या. "आता जा. फिरून या, जेवून या, दुपारची झोप काढा. मग हात हुंगा आणि सांगा." दुकानाचा मॅनेजर कपाळाला हात लावायचा. पण गेलेलं गिऱ्हाईक परत येई, आणि आलं की दुसरीकडे जात नसे.

त्या स्वतः लग्नापासून एकच सेंट लावत आल्या. पांढऱ्या फुलांचा. मोगरा, निशिगंध, संत्र्याचं फूल, आणखी काय काय. मी एकदा विचारलं, "बाई, इतक्या बाटल्या हाताखाली असताना एकाच ठिकाणी का अडकलात?"

"नवराही एकच केला, भाऊ. तेव्हा नाही विचारलंत."

मग समजावून सांगितलं. पांढऱ्या फुलांचा सेंट म्हणजे नवी सून. पहिल्या दिवशी सगळ्यांना गोड. खरी कशी आहे ते मुक्काम वाढल्यावर कळतं. सकाळी लावला की आधी हिरवा वास येतो, देठ नुकतं खुडल्यासारखा, त्यात थोडा गारवा. दुपारी फूल उघडतं. लोण्यासारखं दाट होतं, अंगावर येतं, शेजारी बसलेल्याचं डोकं धरतं. आणि संध्याकाळी तळ वर येतो. कातडीची ऊब, थोडा मध, आणि त्याखाली, नीट हुंगलं तर, फुलदाणीतलं शिळं पाणी.

"म्हणजे सडका वास?" मी म्हटलं.

"पांढऱ्या फुलात थोडी सड असतेच. फुलाने जन्मतःच ती आत ठेवलेली असते. ती काढा, आणि मग मोगरा घ्या नाहीतर अंगाचा साबण घ्या, एकच."

हे त्या इतक्या मायेने म्हणाल्या की मी सलूनमधलं पाणी बदलून आलो.

आता धंद्यातली एक गंमत. गिऱ्हाईक कधीकधी तक्रार घेऊन येई, की पूर्वीसारखा वास येत नाही. बाईंचं उत्तर ठरलेलं. "बाटली तीच आहे हो. तुमचं नाक बदललं. सर्दी होऊन गेली का? घरी काही काळजी आहे का?" आणि बहुतेकांची सर्दी नाहीतर काळजी निघायचीच. दुसरी गंमत ही, की आयुष्यभर एकच सेंट लावल्यामुळे तो त्यांना स्वतःला येत नव्हता. लावल्यावर क्षणभर हिरवा झोत कळायचा, बाकीचा दिवस नुसती आठवण. स्वतःचा वास स्वतःला कळत नाही म्हणून तर माणसं सुखाने झोपतात, असं त्या हसून म्हणायच्या.

घड्याळवाले चौकाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीएवढ्या गाळ्यात, डोळ्याला भिंग अडकवून बसत. साखरेने त्यांचे डोळे नेले. मग कानांत शिट्ट्या सुरू झाल्या. अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर शब्द कळायचे, पण आवाज कोणाचा ते नाही. सगळे सारखेच, नळातून आल्यासारखे. शेवटी बोटांची टोकं गेली. ज्या बोटांनी केसाएवढी स्प्रिंग उचलली त्यांना कपाचा कान सापडेना. पाय तर त्याआधीच बधिर. राहिलं ते नाक. मी दाढी करायला वर जायचो तेव्हा दारातच तुरटी हुंगून म्हणायचे, "ये वस्तरा. आज मागच्या गिऱ्हाइकाला पावडर जास्त लावलीस."

आणि संध्याकाळी बायको दुकानातून निघून खालच्या पायरीवर आली की खुर्चीत सरळ बसून म्हणत, "आली ही."

मी चिडवायचो, की सकाळी जाते तीही हीच ना. त्यावर एकदा म्हणाले, "सकाळची ती दुकानाची. ताजी, कडक, लोकांसाठी. उतरलेली घरी येते ती माझी." म्हातारा कधी नाही ते असं काही बोलला आणि लगेच हनुवटी वर करून म्हणाला, "गळ्याखाली नीट कर, काल राहिलंय."

सगळं बिघडलं ते एका दाढीच्या दिवशी मला कळलं. फेस लावून झाला होता. म्हणाले, "दार लाव."

"लावलंय," मी कानात ओरडलो.

"संध्याकाळी येते ती कोण आहे?"

मला वाटलं कामवालीबद्दल विचारतायत. कामवाली दुपारी येते म्हणून सांगितलं.

"ती नव्हे. सकाळी ही जाते. संध्याकाळी दुसरीच कोणीतरी येते. हिचे कपडे, हिच्या चपला, दाराची किल्लीसुद्धा हिचीच. पण ही नव्हे."

"वास तोच की."

"वरून तोच. खाली काही नाही. डायल तीच, आतली मशीन दुसरी. असली घड्याळं माझ्याकडे रोज यायची. सकाळी चोख चालतात, संध्याकाळी मागे पडतात. बाहेरून चोर ओळखू येत नाही, वस्तरा. मुक्काम वाढला की येतो."

फेस गालावर वाळत आला होता. मी हसलो, पण मला ते हसू ऐकू गेलं आणि त्यांना नाही, त्यामुळे ते फारच वाईट वाटलं.

बाईंना सांगितलं. त्या जिन्यात पिशवी टेकवून उभ्या राहिल्या. "मलाही म्हणाले. मी विचारलं, सर्दी आहे का."

"मग?"

"मग काय. नाक बदललं त्यांचं. वय झालं. दुकानात रोज ऐकते मी हे." डॉक्टरलाही विचारलं होतं. तोही म्हणाला, या वयात डोकं असे खेळ करतं.

पण म्हाताऱ्याचं डोकं खेळत नव्हतं, ते काम करत होतं, आणि तेच भीतीचं. त्याने परीक्षा घेतली. लग्नानंतर पहिल्यांदा काय फुटलं घरात? बाईंनी कानात सांगितलं, भिंतीवरचं घड्याळ, आणि ते तुम्हीच पाडलंत. उत्तर बरोबर. मला वाटलं आता पटेल. पुढच्या दाढीला मला जवळ ओढून म्हणाले, "तिला सगळं माहीत आहे. एकूण एक गोष्ट. म्हणजे हिच्याकडून काढून घेतलंय."

"कधी?"

"मारायच्या आधी."

त्या दिवसापासून त्यांच्या लेखी दोन बायका उरल्या नाहीत. सकाळचीही तीच, फक्त नुकता लावून येते म्हणून ओळखू येत नाही, असा त्यांचा निकाल लागला. बायको मेली. मारली. आणि मारणारी आपल्याच घरात राहते, आपल्याला चहा देते, पाठ पुसते, संध्याकाळची गोळी तोंडात घालते. ते ओरडले नाहीत, भांडले नाहीत. फार गोड वागायला लागले. बाई म्हणाल्या, "आजकाल प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात. पूर्वी नाही म्हणायचे तेव्हा बरं वाटायचं."

एकदा मला म्हणाले, "तुझा एखादा जुना वस्तरा असेल तर ठेवून जा इथे."

"कशाला? दाढीला मी येतो की."

"दाढीला नको."

मी ठेवला नाही. खाली येऊन दोन्ही वस्तरे मोजून कपाटात घातले आणि बाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. घरातली सुरी आधीच शेजारच्या घरी नेऊन ठेवली होती. भाजी शेजारी चिरून आणत होत्या. घड्याळांचे स्क्रूड्रायव्हर, चिमटे, छोटी हातोडी, सगळी पेटी दुकानात स्वतःच्या कप्प्यात. तरीही एका दुपारी त्यांच्या उशीखाली भिंगाची काच सापडली, फोडलेली.

"बहिणीकडे जा ना थोडे दिवस," मी म्हटलं.

"आणि यांना दूध कोण देईल? माझ्या हातचं संशयाने का होईना, पितात."

आता प्रवेश नणंदेचा. घड्याळवाल्यांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. मनाने चांगली, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. आली, दारातच थांबली, नाक वर केलं.

"वहिनी, काही मेलंय का गं घरात? उंदीर वगैरे?"

"माझा सेंट आहे तो. संध्याकाळी असाच उतरतो."

"मग असला कशाला लावतेस? चांगला लिंबाचा लाव ना. माझ्या जावेने घेतलाय, स्वयंपाकघरात आली तरी भांडी घासल्यासारखं वाटतं."

पण वास खराच होता. मलाही येत होता. फुलं आणि त्यामागे काहीतरी गोड, जड, घशाशी चिकटणारं. दाढी करताना मी तोंडाने श्वास घ्यायला लागलो होतो. मी आपलं मनाशी म्हटलं, बाईंनी सांगितलंच होतं, तळ वर येतो. त्यांना स्वतःला तो येत नव्हताच, आणि पुसटसा आला तरी त्यांना वाटे, आपलाच, ओळखीचा. घरातली हवा कोंदली म्हणून त्या आणखी दोन फवारे जास्त मारायला लागल्या होत्या. माणसाच्या आधी वास जिना उतरायचा, आणि जिन्यावरची कुत्री उठून बाहेर जायची.

दादाने बहिणीला जवळ बसवलं. तिचा हात चाचपला, डोक्याचं तेल हुंगून खात्री करून घेतली, आणि म्हणाला, "वहिनी मेली तुझी. कोणाला बोलू नकोस. घरातच आहे. वास येतो ना तुला?"

ती रडत खाली आली ती थेट माझ्या सलूनमध्ये. खुर्चीत इस्त्रीवाला बसला होता, बाकावर त्याचा मेहुणा. "दादा म्हणतो, ही वहिनी नाहीच. वहिनी मेली. घरातच आहे म्हणतो." मी डोळ्याने खुणावलं, गप्प बस. तिला वाटलं मी पुढे विचारतोय. म्हणून तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. इस्त्रीवाल्याचा एक गाल व्हायचा होता. तो तसाच उठून गेला.

कुजबुजीचा जन्म झाला तो असा, माझ्याच आरशासमोर.

नणंद मात्र तेवढ्यावर थांबली नाही. रविवारी येऊन दादाला आपल्याकडे नेते म्हणाली. "इथे त्याला भीती वाटते, वहिनी. माझ्याकडे खाईल, झोपेल. तू तुझं दुकान बघ."

"आणि मी भेटायला आले तर?"

नणंदेने पिशवीचे बंद नीट केले. दादा तिला कसा भेटणार, हे दोघींनाही दिसत होतं. बाईंनी रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली. एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे उरला होता, की रविवारच्या आत हा माणूस आपल्याला एकदा ओळखेल का. मला म्हणाल्या, "घटस्फोट झाला असता तरी चाललं असतं, भाऊ. निदान कोणाशी झाला ते त्यांना माहीत असतं."

शुक्रवारी दुकानात कंपनीचा माणूस आला. दर काही महिन्यांनी यायचा, सूट, चकचकीत बूट, नव्या खोक्यांचा फोटो काढून न्यायचा. तो काउंटरशी उभा असताना एक म्हातारी आली, पूर्वी नाटकात काम करायची ती. बाईंच्याच सेंटची बाटली तिने काचेवर ठेवली. "याचा तळ कुठे गेला गं? सकाळी येतो आणि दुपारनंतर मी कोणीच नाही."

बाईंच्या तोंडात उत्तर तयार होतं. "बाटली तीच आहे हो. तुमचं नाक..."

"आजींनी बरोबर पकडलं," कंपनीचा माणूस हसून म्हणाला. "गेल्या वर्षीच बदलला. सुरुवात जशीच्या तशी ठेवलीय, गिऱ्हाईक सुरुवातीवरच घेतं ना. खालचा तो कुजका भाग नव्या मुलींना नको होता, तो काढून टाकला. आता शेवटपर्यंत स्वच्छ. धुतल्यासारखा."

"आम्हाला कोणी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तुम्हालाही तळ येईनासा झाला असता," तो म्हणाला. त्याला ते विनोदी वाटलं.

बाईंनी मला नंतर सांगितलं, की आधी त्यांना आनंद झाला. म्हातारा खरा निघाला. त्याचं नाक शाबूत होतं, डोकंही होतं. घरी जाऊन कानात ओरडून सांगायचं, तुमचं बरोबर, मशीन बदलली, पण बाटलीतली. म्हातारीची बाटली पिशवीत भरता भरता त्या मनातल्या मनात वाक्य जुळवत होत्या. मग हात थांबला.

सेंटमध्ये सड उरलीच नव्हती. गेलं वर्षभर नव्हती.

मग घरात वास कशाचा येत होता?

त्या काउंटर तसंच सोडून निघाल्या. गळ्यात दुकानाचा बिल्ला, हातात म्हातारीची पिशवी. माझ्या दारावरून जाताना आत न बघता म्हणाल्या, "भाऊ, वर या." मी गिऱ्हाइकाच्या गळ्यातला टॉवेल न काढता गेलो.

उन्हं उतरली होती. खोलीत खिडकीशी घड्याळवाल्यांची खुर्ची, पायावर पांघरूण, पायात लोकरी मोजे. मोजे ते कोणाला काढू देत नसत. थंडी वाजते म्हणत. संध्याकाळच्या त्या बाईला तर पायाजवळही येऊ देत नसत. ती दारात आली तसं त्यांनी नाक वर केलं आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"धरा त्यांना," बाई म्हणाल्या.

मी खांदे धरले. त्या खाली बसल्या आणि डाव्या पायाचा मोजा सोलायला लागल्या. सोलायला असंच म्हणतो. तो नुसता निघत नव्हता.

"काय करतेय ती?" घड्याळवाल्यांनी मला विचारलं. तुरटीचा वास आला असावा, आवाज एकदम खालचा झाला. "वस्तरा, काय करतेय ती माझ्या पायाशी?"

"मोजा काढतायत," मी कानात म्हटलं.

"मोजे मेलेल्याचे काढतात."

त्यांना खाली काही कळत नव्हतं. मला दिसत होतं. अंगठ्यापासून घोट्यापर्यंत काळं, आणि मध्ये एक खड्डा. मी खिडकीकडे तोंड केलं. बाईंनी नाही केलं. त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी तो पाय हुंगला, काउंटरवर पट्टी हुंगतात तसा, डोळे मिटून, शांतपणे. मग म्हणाल्या, "हा माझा नव्हे."

उचलून न्यायला माणसं आली तेव्हा खुर्चीची गादी सरकली. गादीच्या कडेला, लाकडाच्या खाचेत, पांढऱ्या गोळ्या चिकटलेल्या होत्या, ओल्या होऊन वाळलेल्या. रोज संध्याकाळी ती बाई तोंडात घालायची त्या. बायको मारणारीच्या हातचं औषध कोण गिळेल? सकाळच्या गोळ्याही बऱ्याच दिवसांपासून तिथेच जात असाव्यात.

पाय गुडघ्याखालून काढला. माणूस वाचला.

वॉर्डात बाई पहिल्या दिवशी गेल्या तेव्हा दारातच नर्सने अडवलं. शेजारच्या खाटेवर दम्याचा पेशंट होता. "सेंट लावून आत यायचं नाही. धुवून या." बाई मोरीत गेल्या. हॉस्पिटलच्या साबणाने कोपरापर्यंत हात घासले, मान घासली, कानांमागे घासलं. केस पाण्याखाली धरले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या बिनवासाच्या झाल्या. तशाच ओल्या, येऊन खाटेशी उभ्या राहिल्या.

घड्याळवाल्यांनी नाक हलवलं. साबण, स्पिरीट, बाकी काही नाही. चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरली.

"सिस्टर का?"

टेबलावर दुपारची गोळी होती. ती बाईंनी उचलून त्यांच्या ओठाशी धरली. त्यांनी तोंड उघडलं, गिळली, पाणी मागितलं.

"थँक्यू सिस्टर. घरी एक बाई आहे, तिला आत येऊ देऊ नका."

त्या वाकल्या आणि कानात म्हणाल्या, "नाही येऊ देणार."

नणंद बाहेरच्या बाकावर ढसाढसा रडली. "वहिनी, अगं सांग त्याला. नाहीतर सकाळी थोडासा लाव मनगटाला, कोण बघतंय. निदान दुपारपर्यंत तरी ओळखेल तुला."

"आणि दुपारनंतर?"

"दुपारनंतर तू जा की चहाला."

बाईंना हसू आलं, म्हणे. मग म्हणाल्या, "सकाळी फसले तरी रोज दुपारी त्यांची बायको पुन्हा मरेल आणि मारणारी मीच असेन. गोळ्या परत खुर्चीत जातील. त्यापेक्षा सिस्टर बरी. सिस्टरच्या हातचं खातात."

"मग ओळखणार कधी तुला?"

"नाही ओळखणार."

नणंदेने मग दादाला न्यायची गोष्ट काढली नाही. रविवार आला आणि गेला.

ते घरी आले तेव्हा सिस्टरही बरोबर आली आणि राहिली. घरातल्या बाटल्या बाईंनी नाटकवाल्या म्हातारीला देऊन टाकल्या. दुकानात बदली मागून घेतली, वरच्या मजल्यावर चादरी आणि टॉवेलांच्या काउंटरला. तिथे नव्या कापडाशिवाय कशाचाच वास नसतो. जिना रिकामा रिकामा वाटायला लागला. कुत्री परत आली. आणि लोकांच्या कुजबुजीला तर पुरावाच मिळाला. बघा, खरीचा सेंटसुद्धा संपला. बघा, नवराच तिला सिस्टर म्हणतो. खिडकी उघडी असली की त्यांचा मोठा आवाज रस्त्यावर यायचा, "सिस्टर, माझ्या बायकोला मारलं त्या बाईने. पोलिसात कळवलंत का?" आणि खाली भाजी घेणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायच्या.

मी दाढीला जायचो तेव्हा बाई तिथेच टॉवेल घडी करत बसलेल्या असत. म्हातारा सिस्टरला बायकोबद्दल सांगत असे. ती कशी चालायची, तिला हिशेब कसा यायचा नाही, मिठाचा हात कसा जड, रागावली की ताटं कशी अगदी हळू ठेवायची. एकदा म्हणाला, "तिला मी कधी सांगितलं नाही सिस्टर, पण दिवसभर मी तिच्या येण्यासाठीच बसायचो." बाईंनी टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. कानाशी वाकून विचारलं, "का नाही सांगितलं?"

"रोज यायची की ती. सांगायला काय घाई होती."

ते आणखी काही वर्षं जगले आणि सिस्टरचा हात धरून गेले. अंत्ययात्रेला जमलेल्यांपैकी निम्मे लोक बाईंकडे बघत होते, खरीला कुठे पुरलं ते आता तरी चेहऱ्यावर दिसेल म्हणून.

खरं एवढंच आहे. त्या घरात दुसरी बाई कधी आलीच नाही. कंपनीने सेंटचा तळ बदलला होता, आणि घड्याळवाल्यांचा पाय सडला होता. बाई पहिल्यापासून त्याच होत्या.